खोड असल्यास

मला अजून राग येतो. मोटारींवरची करपट्टी आता सरकारनं स्वतःकडं घेतली, ते खातं म्युनिसिपालिटीत उरलंसुद्धा नाही, तरी स्टेशनाबाहेर भाड्याच्या मोटारी रांगेत उभ्या दिसल्या की माझे कान तापतात. आज रविवार आहे, टाइपरायटरवर कागद चढवलाय आणि बसलोय. नावं कुणाचीच लिहिणार नाही. पण झालं ते सगळं लिहिणार, आणि बोटं पळतायत तोवरच लिहिणार, कारण मी एकदा थांबलो की मला वाटायला लागतं, जाऊ दे, झालं गेलं. जाऊ दे कसं? नाही जाऊ द्यायचं!

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. म्युनिसिपालिटीत टायपिस्ट म्हणून लागलो होतो, कारण मराठी टायपिंग येणारा दुसरा कुणी अर्ज घेऊन आलाच नव्हता. दीड वर्षात पट्टीखात्याचे जुने मुख्य कारकून पेन्शनीत गेले आणि सेक्रेटरी मला म्हणाले, "तूच बस आता तिथं." तिथं म्हणजे पट्टीची वसुली आणि गाड्यांचे परवाने. टांगे, बैलगाड्या, सायकली आणि भाड्याच्या मोटारी. खात्यात माणसं दोन. मी मुख्य, आणि औंढ्याचे एक म्हातारे शिपाई, त्यांना मी आबा म्हणायचो. मुख्य झालो म्हणून आईनं आळीत पेढे वाटले. मी आठ दिवस रद्दी कागदावर सही करून बघत होतो, कुठली जास्त साहेबी दिसते ती.

काम कसलं होतं ते सांगतो म्हणजे राग कळेल. लोणावळ्यात एप्रिल लागला की मुंबईची बंगलेवाली मंडळी यायची, त्यांच्या मोटारी यायच्या. चाकं आमच्या रस्त्यावर फिरणार तर चाकपट्टी आमच्याकडं भरायची, असा नियम होता. म्हणून मी आणि आबा खंडाळ्याच्या रस्त्यावर लाल फडकं घेऊन उन्हात उभे राहायचो. मोटार थांबायची.

"पट्टीची पावती?"

"मुंबईत भरलीय."

"दाखवा."

"मुंबईत राहिली."

की भोंगा वाजवून मोटार पुढं, आणि धूळ आमच्या नाकातोंडात. आबा फडक्यानंच तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "सायेब, फडकं जरा मोटं आनूया. ह्येंना दिसत न्हाई वाटतं." मी कमिटीला लिहून कळवायचो, अमुक बंगल्याची मोटार, तमुक बंगल्याची मोटार. कमिटी म्हणायची, पाहुणे आहेत, जरा सबुरीनं घ्या. आणि टांगेवाला एक दिवस चुकला तर? त्याचा टांगा घोड्यासकट आवारात आणून बांधायचा! त्याला सबुरी नाही. मी माझ्या ह्या हातांनी टांगे बांधलेत. बंगल्याची मोटार आवारात आलेली मी एकदाही बघितली नाही.

आता फॉर्म. सगळं त्या फॉर्मनं केलं. फॉर्मनं आणि मी.

गाडीच्या परवान्यासाठी एक छापील फॉर्म होता, टांग्यांसाठी केलेला. मालक, राहणार, गाडीचा प्रकार, चाकं किती, मग जनावराचा रंग, जनावराचं वय, आणि अगदी खाली शेवटचा रकाना, 'खोड असल्यास'. म्हणजे घोडा चावतो, लाथ मारतो, भोंग्याला बुजतो, जे असेल ते. कुणीतरी कधीकाळी पुण्याच्या छापखान्यातून हे फॉर्म एवढे छापून आणले होते की माळ्यावर गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले, अर्धे उंदरांनी खाल्लेले. भाड्याच्या मोटारी आल्या तेव्हा मी म्हटलं, मोटारींना वेगळा फॉर्म करू या. कमिटी म्हणाली, आधी हे संपव. मग मोटारवाले काय करायचे, जनावराच्या तिन्ही रकान्यांत 'नाही' लिहायचे. रंग नाही, वय नाही, खोड नाही. त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

चाचाला वाटलं.

स्टँडवर सगळेच त्याला चाचा म्हणायचे, मीही. पन्नाशीचा, उंच, कानावर विडी खोचलेली. वीस वर्षं त्यानं स्टेशन ते खंडाळा, स्टेशन ते कार्ल्याची लेणी असा टांगा हाकला. त्या वर्षी त्यानं घोडा विकला, टांगा विकला आणि पुण्याच्या एका डॉक्टरची जुनी मोटार घेतली. कापडी टपाची, पुढून हँडल मारून चालू करायची. चालवायला मेव्हण्याकडून शिकला, पोलिसांचं लायसन आणलं. राहिला फक्त आमचा बिल्ला. म्युनिसिपालिटीचा पत्र्याचा बिल्ला मोटारीवर नसेल तर स्टेशनासमोर उभं राहता यायचं नाही, आणि स्टेशनासमोर जी मोटार उभी नाही तिच्यात गिऱ्हाईक कुठून बसणार? बिल्ला नाही मिळाला तर मोटार दारात उभी करून तिच्याकडं बघत बसायचं, एवढंच. घोडा तर गेलाच होता.

मार्चमधली सकाळ होती. अर्जदारानं सांगायचं आणि मी टाइप करायचं, अशी पद्धत मीच काढलेली. वेळ वाचतो म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझा वेग लोकांनी बघावा म्हणून.

"रंग?" मी सवयीनं विचारलं आणि स्वतःच 'नाही'चा 'ना' मारला.

"काळा," चाचा म्हणाला. "मागनं जरा गंजलाय."

मी वर बघितलं. थट्टा वगैरे काही नव्हती. मी 'ना' खोडला आणि काळा लिहिलं.

"वय?"

"डाक्टर म्हनला सात. मला दहा वाटतंय. घोड्याचं दात तरी बगता येत्यात, हिचं काय बगनार?"

दारातून आबांचा हसण्याचा आवाज आला.

"आणि खोड?"

चाचानं टोपी काढून मांडीवर ठेवली, जबानी द्यावी तसा सरळ बसला. "लिवा. खंडाळ्यावरनं वर येताना चढाला बसती. उतरून पानी पाजायचं, एक इडी हुईस्तवर थांबायचं, मंग उटती. मारून उपेग न्हाई. उताराला शानी हाय. घरची मान्सं बसली काय अन् परकी बसली काय, फरक करत न्हाई."

मी हसू दाबत टाइप करत होतो. शेवटी म्हटलं, "चाचा, हे कशाला लिहायचं? बाकीचे मोटारवाले सगळे 'नाही' लिहितात."

"मंग त्येंच्या मोटारी बसत न्हाईत व्हय? समद्या बसत्यात त्या चढाला. वीस वरसं मी ह्यो रकाना भरतुया. घोडा चावका हाय म्हनून लिवलं हुतं, आन् तो एका पावन्याला चावला. तुमच्याच हापिसानं मला अर्धा दंड केला. का? तर म्या आधी सांगून ठेवलं हुतं. ज्यानं लपवलं त्याचा परवाना गेला. कायदा तुमचा, सायेब, अन् मलाच इचारता कशाला?"

खरं होतं ते. टांग्यांच्या नियमात तसं कलमच होतं. खोड सांगितली तर दंडात सूट, लपवली आणि नंतर उघडकीला आली तर परवाना रद्द. चाचा भोळा नव्हता. वीस वर्षांचा कायदा पाठ असलेला माणूस होता तो. मी मात्र ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं, कारण माझं लक्ष त्या 'एक विडी होईपर्यंत'वर होतं.

चाचा गेला आणि मी दुसरा कागद चढवून तो रकाना पुन्हा टाइप केला. खिशात ठेवायला!

मला काही गंमत कळली की ती पोटात राहत नाही, लहानपणापासून नाही. अकाउंटच्या टेबलावर वाचून दाखवली. स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानात वाचून दाखवली, चाचाचा आवाज काढून. चहावाल्यानं दोनदा वाचायला लावली आणि चहा फुकट दिला. पोस्टात वाचली. घरी आईसमोर वाचली, तिला ठसका लागला. दोन दिवसांत सगळ्या बाजारपेठेत झालं, मोटारीला विडी लागते, मोटारीला विडी लागते. मी तर खूश! माझ्यामुळं गाव हसतंय म्हणून.

आबा एकटे म्हणाले, "सायेब, त्यानं हापिसात सांगितलं हुतं. बाजारात न्हाई."

"अहो आबा, गंमत आहे!"

"व्हय," आबा म्हणाले आणि कोपऱ्यातलं फडकं घडी घालायला लागले.

आता त्या वर्षीची अडचण अशी होती की स्टेशनासमोर मोटारींना जागा सहा, आणि अर्ज आले सात. एकाला नाही म्हणायचंच होतं. सातांतले दोन अर्ज वाहन कमिटीच्या चेअरमनच्या भाच्याचे. भाच्यानं दोन नव्या मोटारी घेतल्या होत्या, त्यावर पगारी ड्रायव्हर ठेवले होते, स्वतः पांढरा बूट घालून स्टँडवर नुसता उभा राहायचा. त्याच्या दोन्ही फॉर्मवर खोड नाही, वय नाही, रंगसुद्धा नाही. लालभडक मोटारी, आणि रंग नाही!

कमिटीची मीटिंग भरली. चेअरमन, दोन मेंबर, सेक्रेटरी आणि कागद पुरवायला मी. त्या दोन मेंबरांपैकी एक रिटायर झालेले हेडमास्तर होते.

मी आत पाऊल टाकतोय तोच चेअरमन म्हणाले, "काय हो टाइपराव, ती विडीवाली मोटार कुणाची? आम्हाला पण ऐकवा की. साऱ्या गावानं ऐकली, आम्ही तेवढे राहिलो."

आणि मी ऐकवली. फॉर्म हातात धरून, उभा राहून, आवाज काढून. 'घरची माणसं बसली काय आणि परकी बसली काय' ला हेडमास्तरांनी टेबलावर हात आपटला. सेक्रेटरी रुमालात हसले. मला इतका आनंद झाला की मी शेवटची ओळ परत वाचली.

चेअरमननी चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा घातला आणि म्हणाले, "बरं, हसणं झालं. अर्जदार स्वतः लेखी देतोय की गाडी चढावर बंद पडते. उद्या बायकापोरं घेऊन घाटात अडकली तर जबाबदार कोण? हा अर्ज नामंजूर. बाकीचे सहा मंजूर. पुढचा विषय घ्या."

माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते मला अजून आठवतं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गालाचं हसू खाली उतरायला वेळ लागतो हो!

"साहेब," मी म्हणालो, "सगळ्याच मोटारी बसतात त्या चढाला."

"कुणी सांगितलं? बाकीच्यांच्या अर्जात 'नाही' लिहिलंय. तूच टाइप केलंयस ना?"

"पण ते खरं नाही."

"म्हणजे तू खोटं टाइप करतोस?"

परत सगळे हसले. मला राग आला. मी म्हणालो, चाचणी घ्या. सातही मोटारी खंडाळ्याच्या पुढं घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत उतरवा आणि वर आणा, कुठली बसते कुठली नाही ते डोळ्यांनी बघा. चेअरमननी कपाळाला आठ्या घातल्या, पण हेडमास्तर म्हणाले, "घ्या की. आमचंही फिरणं होईल." तेवढ्यावर चाचणी ठरली.

चाचा बाहेर पायरीवर बसला होता. मी जाऊन सांगितलं, आता नामंजूर झालाय पण चाचणी होणार आहे.

"आत लय हसत हुते," तो म्हणाला. "माज्या कागदाला?"

"हो."

"कोनी वाचून दाकवला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी."

त्यानं टोपी झटकली, डोक्यावर घातली. "बरं. चाचनीला किती वाजता यायचं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाला सात मोटारी स्टेशनासमोर उभ्या राहिल्या. चेअरमन आले ते थेट चाचाच्या मोटारीत जाऊन बसले. हेडमास्तरांना बोलावलं, दुसऱ्या मेंबरला बोलावलं. तिघंही भरलेल्या अंगाचे. पुढं मी. आणि भाच्याच्या मोटारी? त्यात एकेक ड्रायव्हर, बाकी रिकाम्या! मी म्हटलं, "त्यात पण माणसं बसवा." चेअरमन म्हणाले, "नव्या गाड्यांची गादी मळेल उगाच." असं म्हणाले, खरंच असं म्हणाले!

उतरताना काही झालं नाही. चाचाची मोटार खरंच उताराला शहाणी होती, पोटातल्या पोटात गुरगुरत गेली. परत फिरलो. भाच्याच्या दोन्ही मोटारी धुरळा उडवत पुढं निघून वळणाआड गेल्या. आमची खंडाळ्याच्या वर अर्ध्या चढावर आली, पुढच्या पाण्याच्या टाकीच्या टोपणातून वाफ निघाली, दोन आचके दिले आणि बसली.

चाचा खाली उतरला. चाकामागं दगड लावला. गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा डबा काढला, दगडावर टेकला, कानावरची विडी काढून पेटवली. चेअरमन घड्याळ बघत होते. विडी संपली. त्यानं टोपण फडक्यानं धरून उघडलं, पाणी ओतलं, हँडल मारलं. एका फेऱ्यात मोटार चालू झाली आणि आम्हाला चौघांना घेऊन लोणावळ्यापर्यंत एकदाही न थांबता आली. लिहिलं होतं तसंच्या तसं! एक अक्षर इकडचं तिकडं नाही! मी तर उडीच मारली खाली. म्हणालो, "बघितलंत? जे सांगितलं तेच केलं!"

"बघितलं," चेअरमन म्हणाले. "बंद पडली. आधी लेखी होतं, आता डोळ्यांनी पण बघितलं. नामंजूर कायम."

मी धावत भाच्याच्या मोटारींजवळ गेलो. दोन्हींचं पुढचं टोपण ओलं होतं, खाली पाणी ठिबकत होतं, एका ड्रायव्हरच्या पायाशी रिकामा डबा. मी डबा उचलून वर धरला. "ह्या पण बसल्या! वळणाआड बसल्या, पाणी पाजलं!"

भाचा म्हणाला, "अहो, धुतली मोटार. धूळ बसली होती."

"रिकामी मोटार बसली! भरलेली नाही, रिकामी!"

"ओरडू नकोस," चेअरमन म्हणाले. "त्याच्या अर्जात काय लिहिलंय? नाही. मग नाही. तू अर्ज बघायचा, डबे नाही बघायचे."

स्टँडवरचे टांगेवाले, हमाल, सगळे बघत होते. चाचा स्वतःच्या मोटारीचं चाक पुसत होता, आमच्याकडं पाठ करून.

ऑफिसात आलो. टाइपरायटरवर बसलो आणि इतक्या जोरात मारायला लागलो की पूर्णविरामाला कागदाला भोकं पडली. आबांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी म्हणालो, "आबा, मी राजीनामा लिहितोय."

"त्यानं चाचाला बिल्ला मिळंल का?"

"नाही."

"मंग मिळंल असं कायतरी लिवा की. तुमाला लिवता येतंय म्हनून तर हितं बसवलंय."

कागद फाडला. दुसरा चढवला. आणि चाचाचंच बोलणं आठवलं, कायदा तुमचा अन् मलाच इचारता. टांग्यांचे नियम काढले, कलम शोधलं. मग मी टिपण लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'खोड असल्यास हा रकाना मोटारींस लागू आहे की नाही याचा निर्णय व्हावा. लागू नसल्यास, मोटार हे जनावर नसल्याने, सातव्या अर्जातील सदरहू मजकूर बाद समजावा व नामंजुरीचे कारण उरत नाही. लागू असल्यास, दोन अर्जांतील गाड्यांची खोड चाचणीत उघडकीस आली असून ती अर्जात लपवली आहे, सबब नियमाप्रमाणे त्या दोन्ही गाड्यांचा परवाना रद्द व्हावा. वरीलपैकी कोणते ते कमिटीने कळवावे. दोन्ही नाही असे म्हणता येणार नाही.'

शेवटचं वाक्य सरकारी नव्हतं. पण ठेवलं मी ते.

सेक्रेटरींकडं नेलं. घाबरट माणूस, कुणाशी वाकडं नको म्हणून जन्मभर जपलेला. त्यांनी एकदा वाचलं, परत वाचलं. ओठ हलले. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"रागात लिहिलंस?"

"हो."

"रागात बरं लिहितोस," ते म्हणाले आणि खाली सही केली, 'कमिटीपुढे ठेवावे'. मग हळूच म्हणाले, "ह्याचा आवाज काढून दाखवू नकोस कुठं."

कमिटीनं तीन दिवस घेतले. रकाना लागू आहे म्हणावं तर भाच्याच्या दोन्ही मोटारी जातात. लागू नाही म्हणावं तर चाचाचा अर्ज अडवायला कारणच नाही. शेवटी ठराव झाला, रकाना लागू नाही, आणि स्टँडवर जागा सहाच्या सात कराव्यात. सातवी जागा निघाली! इतके दिवस जागा नव्हती, तीन दिवसांत निघाली! घोड्यांना पाणी पाजायच्या हौदाशेजारी. म्हणजे गिऱ्हाईक स्टेशनातून बाहेर आलं की आधी भाच्याच्या दोन लाल मोटारी, मग बाकीच्या चार, आणि मग पलीकडं हौदाशी चाचा.

बिल्ला मी स्वतः नेऊन दिला. चाचानं तो उलटसुलट करून बघितला, मोटारीवर तारेनं बांधला. "उपकार झालं," म्हणाला. एवढंच. मी वाट बघत उभा राहिलो, कशाची ते मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात चेअरमननी माझ्याकडून मोटारी काढून घेतल्या. म्हणाले, खातं वाढलंय, कामाची वाटणी करू. माझ्या वाटणीला कुत्र्यांचे बिल्ले आले. मला त्याचं काही वाटलं नाही म्हणणार होतो, पण खोटं कशाला? वाटलं. आईला मी महिनाभर सांगितलं नाही.

पण खरं ते मेमध्ये झालं. दुपारची मुंबईची गाडी आली, गिऱ्हाईक बाहेर आलं, एक गुजराती कुटुंब, सहा माणसं, ट्रंका. बाकीच्या मोटारी भरून गेल्या होत्या, भाच्याची एक आणि चाचाची एवढ्याच उभ्या होत्या. बाई चाचाच्या मोटारीकडं वळली, कारण हौदाशी सावली होती. तेवढ्यात भाच्याचा ड्रायव्हर ओरडला, "ओ शेठ, त्यात नका बसू! ती खोडीची हाय! तिला विडी लागती!" आणि माझा आवाज काढला. म्हणजे मी चाचाचा काढायचो तो आवाज. हमाल हसले, चहावाला हसला. कुटुंब लाल मोटारीत दाटीवाटीनं बसलं आणि गेलं.

चहावाला मला म्हणाला, "रोजच चालतं हे. हंगामभर. बिचाऱ्याला भाडं म्हणून मिळत नाही."

ठरावानं तो रकाना बाद झाला होता. बाजारातला बाद करायला कुठलं कलम होतं माझ्याकडं? मी त्या चहावाल्यावर ओरडलो, की तू दोनदा वाचायला लावलंस म्हणून. तो म्हणाला, "वाचलं कुणी?"

मी सरळ हौदाकडं गेलो आणि चाचाच्या मोटारीत पुढं बसलो. "खंडाळा."

"काय काम हाय?"

"काही नाही. जाऊन यायचं."

"भाडं पडंल."

"पडू दे."

त्यानं मोटार चालू केली. उतार उतरलो, फिरलो, वर निघालो. अर्ध्या चढावर मोटार बसली. मी खाली उडी मारली आणि पाण्याचा डबा उचलायला गेलो.

"बसा तुमी," चाचा म्हणाला. "त्ये तुमचं काम न्हाई."

मी उन्हात उभा राहिलो. त्यानं दगड लावला, विडी पेटवली, धूर सोडला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्ये बी गावात सांगनार आता?"

"नाही."

"सांगनार तुमी. तुमाला ऱ्हावायचं न्हाई." त्यानं राख झटकली. "सांगा. पर समदं सांगा. त्या लाल बसत्यात त्ये बी सांगा, डबा सापडला त्ये बी सांगा, अन् मी का लिवलं हुतं त्ये बी सांगा. निम्मंच सांगितलंत तुमी. त्यानं माजा हंगाम गेला."

मी म्हणालो, सांगेन.

त्यानं विडी पायाखाली चोळली, टोपण उघडून पाणी ओतलं आणि हँडल मारलं.